मावशीचा दात

प्रिय ताई,

हे पत्र मी तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण तुझा दुसरा पत्ता माझ्यापाशी नाही. हासुद्धा मला कोणी दिलेला नाही. मी तो चोरला आहे. मागे दोन दिवस घरी गेले होते, तेव्हा बाबांच्या नाकावर नवा चष्मा होता. बर्फाच्या कारखान्यातून आल्यावर ते तो ज्या काळजीने पुसत होते, तशी काळजी त्यांनी कुठल्या वस्तूची घेतल्याचे मला आठवत नाही. कुठून आणला असे विचारले, तर "दुकानातून," म्हणाले. चष्मा भाजीच्या टोपलीत मिळत नाही हे मलाही ठाऊक होते; पण बाबांना पुढे विचारणे म्हणजे बर्फाच्या लादीकडे ऊब मागणे. ते अंघोळीला गेल्यावर मी चष्म्याचे घर उघडले. झाकणाच्या आत दुकानाचे नाव-गाव छापलेले होते आणि तळाशी एक घडी केलेली चिठ्ठी होती. "वाचायच्या वेळी हा. लांबचं बघायला जुनाच. डोक्यावर ठेवून घरभर शोधू नका." खाली सही नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. तुझा 'ळ' अजून सुटलेल्या नाडीसारखाच पडतो.

आठ वर्षे मी समजत होते की तू घराशी अबोला धरला आहेस. तो फक्त माझ्याशी होता, हे मला त्या चिठ्ठीने सांगितले. जिच्या दप्तरात सदैव तीन पेन्सिली आणि दोन खोडरबरे असायची, तिच्याजवळ त्या क्षणी कागदाचा कपटाही नव्हता, म्हणून पत्ता मी तळहातावर लिहून घेतला. जेवताना बाबांना तो दिसला. त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि एवढेच म्हणाले, "आधी कागदावर उतरवून घे, मग हात धू." मी उतरवून घेतला. त्यानंतर पाच आठवडे तो कागद माझ्या टेबलावरच्या शब्दकोशात पडून होता, आणि मी रोज एखादा शब्द पाहण्याच्या निमित्ताने तो कोश उघडत होते.

तू म्हणायचीस, धाकटी बोलायला लागली की नव्या पुस्तकाचा वास येतो. हे पत्रही तसेच होणार, त्याला माझा इलाज नाही. लिहायला बसले की माझी पाठ आपोआप ताठ होते आणि वाक्ये गणवेश घालून रांगेत उभी राहतात. त्यांच्या आड जे आहे ते तुला दिसेल, याची मला खात्री आहे. पाण्यावर डॉल्फिनचा हातभर पर दिसला की खाली कोण आहे, किती वयाचे आहे आणि आज पोट भरले आहे की नाही, हे सांगणारी तू.

माझी हकीकत सांगायची तर मी अजून त्याच प्रयोगशाळेत आहे, त्याच मॅडमच्या हाताखाली. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर असून तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. त्या भिंतीवर ओल आली की तिचा आकार आपल्या बंधाऱ्यासारखा दिसतो, एरवी तिथे पाहण्यासारखे काही नाही. काम तळघरात चालते. तिथे एक 'स्वच्छ खोली' आहे. जुन्या हाडांमधून, दातांमधून डीएनए काढायचे ते तिथेच, कारण जुन्या हाडात ते इतके थोडे उरलेले असते की आपल्या एका शिंकेपुढे हरते. आत जाण्यापूर्वी बाहेरच्या खोलीत कपडे बदलायचे, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा, तोंड बांधायचे, हातमोज्यांवर हातमोजे घालायचे आणि उघड्या नळीवर वाकून एक अक्षरही बोलायचे नाही. हा शेवटचा नियम मला कधीच जड गेला नाही. आमच्याकडे काचसामान धुणारे एक काका आहेत. ते म्हणतात, "या खोलीत धुळीलासुद्धा अंघोळ करून यावं लागतं, आणि धाकट्या बाईंना बोलायला परवानगी लागते." मी त्यांनाही धाकटीच वाटले, हे कसे, कोण जाणे.

त्या खोलीच्या दारामागे एक यादी टांगलेली असते. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःच्या गालाच्या आतून कापूस फिरवून द्यायचा; त्यातून त्याच्या डीएनएचा एक तुकडा वाचला जातो आणि त्या यादीत नोंदला जातो. उद्या एखाद्या डॉल्फिनच्या हाडात माणूस सापडलाच, तर तो कोण, हे यादीशी ताडून पाहता येते. काका तिला 'चोरांची यादी' म्हणतात. या यादीत माझा क्रमांक सात आहे. आणि गेले तीन आठवडे त्या खोलीची किल्ली माझ्याकडे नाही. ते का, हे मी तुला सांगणार आहे. पण आधी थोडी डॉल्फिनची गोष्ट सांगू दे, कारण आठ वर्षे ती मी शिकते आहे आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी मान वर करून जिला सांगायची, ती जागा रिकामी आहे.

पहिल्या वर्षी मी शिकले की डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवर चालत होते. पाच कोटी वर्षांपूर्वी चार पायांचे एक जनावर पाण्यात शिरू लागले, आधी गुडघाभर, मग गळाभर, आणि त्याचे वंशज परत आलेच नाहीत. पाणघोडा हा त्यांचा आजही जिवंत असलेला सर्वांत जवळचा भाऊबंद. मासा शेपूट डाव्या-उजव्या बाजूला हलवतो. डॉल्फिन मात्र वर-खाली हलवतो, कारण धावणाऱ्या जनावराची पाठ तशीच वाकते आणि पाठ आपली सवय विसरलेली नाही. आईच्या पोटात असताना त्याला मागच्या पायांचे दोन अंकुरही फुटतात आणि काही आठवड्यांत विरून जातात. पुढच्या पराच्या आत तर मनगट आहे, बोटांची हाडे आहेत. मॅडमनी पडद्यावर ते चित्र दाखवले तेव्हा सगळा वर्ग थक्क झाला. मी झाले नाही. मी दहा वर्षांची असताना, बंधाऱ्यापाशी मेलेल्या आपल्या मावशी डॉल्फिनच्या परावरून हात फिरवत तू म्हणाली होतीस, "आत बोटं आहेत गं हिला." तुला ते कोणी शिकवले नव्हते.

दुसरी गोष्ट याहून जवळची आहे. किनाऱ्यालगतचे डॉल्फिन हे खोल समुद्रातल्या डॉल्फिनपासून वेगळे झालेले एक छोटे घराणे असते. फार पूर्वी कधीतरी मोठ्या कळपातून मोजकेच काही उथळ पाण्याकडे आले आणि तिथे रमले. येताना त्यांनी मागच्या मोठ्या घरातली सगळी विविधता बरोबर आणली नाही. आणता येणे शक्यच नव्हते. मॅडम सांगतात, घर सोडताना ज्याच्या हाती जे लागलं, तेवढ्यावरच पुढच्यांचा संसार. गंमत अशी की हाती लागलेल्या त्या पुंजीत कधी कधी खूप जुना, खोल समुद्रात निरुपयोगी ठरलेला एखादा गुण असतो, आणि उथळ पाण्यात तोच तारून नेतो. पण पुंजी लहानच. एखादी वाट बंद झाली की ती भरून यायला दुसरे कोणी नसते. म्हणून आम्ही जो अभ्यास करतो, तो याचाच: आपल्या किनाऱ्यावर आज किती वाटा शिल्लक आहेत, आणि पूर्वी किती होत्या. पेशीत डीएनएची एक छोटी साखळी असते, जी फक्त आईकडून येते. आम्ही आपसात तिला 'आईची ओळ' म्हणतो. मुलगा ती घेतो, पण पुढे देऊ शकत नाही. मुलगी देते. जिला मुलगी नाही, तिच्यापाशी ती ओळ थांबते. बोटीवरून त्वचेचा तिळाएवढा तुकडा घेऊन आम्ही तेवीस डॉल्फिन तपासले, आणि त्या तेवीसांत मिळून दोनच ओळी निघाल्या. कात्रीची एक. करवतीची एक. त्या दोन माद्यांची ही नावे तूच ठेवलेली, पाठीच्या परांवरच्या खुणांवरून. ती आता परदेशी शास्त्रज्ञसुद्धा उच्चारतात, वेडीवाकडी का होईना.

पूर्वी किती होत्या, हे कळायला जुनी हाडे हवीत. मॅडमनी कुठल्या कुठल्या शाळांच्या कपाटांतून आणि बंदरावरच्या गोदामांतून तेरा हाडे जमवली. चौदावा नमुना मी दिला. मावशीचा दात.

तुला तो दिवस आठवत असेल. मला तर त्याचा वासही आठवतो. मावशी दुसऱ्यांची पिल्ले सांभाळणारी, म्हणून तिचे नाव मावशी. तिचे स्वतःचे पिल्लू आपण कधीच पाहिले नाही. आपली आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि तू दहा. मला आईचा चेहरा आठवत नाही, पण तुझ्या मांडीवर बसून ऐकलेली मावशीची वर्णने आठवतात. ती बंधाऱ्याच्या उत्तरेला खडकांत अडकून पडलेली दिसली तेव्हा तू खाली उतरलीस, बराच वेळ तिच्याजवळ बसलीस, आणि हलणारा एक दात काढून घेतलास. वर चढताना एका हातात खडक, दुसऱ्या हातात मी, म्हणून तो दात तू ओठांत धरलास. मी किळस येऊन किंचाळले. वर पोहोचल्यावर तू म्हणालीस, "मग काय तुला ओठांत धरू नि दाताला हाताला धरून चालवू?" आणि तरी माझे रडे थांबेना, तेव्हा तू तो दात पुसलास, त्याच्या मुळाशी असलेल्या पोकळीवर ओठ टेकवून फुंकर मारलीस, आणि त्यातून बारीक, तीक्ष्ण शिट्टी निघाली. दोन आखूड, एक लांब.

पुढे सात वर्षे ती माझी हाक होती. मी बंधाऱ्यावर पुस्तक घेऊन बसले की भान विसरत असे. जेवणाची वेळ झाली की आपल्या दारातून ती शिट्टी येई आणि मी खूण न घालताच पुस्तक मिटून निघे. इथे आल्यावर मी वाचले की प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची अशी एक शिट्टी असते, नावासारखी. चुकलेले पिल्लू ती वाजवत राहते आणि सोबतीण तीच शिट्टी वाजवून त्याला ओ देते. ते पान मी दोनदा वाचले आणि ग्रंथालयातून उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आठ वर्षांत मला त्या नावाने कोणी हाक मारलेली नाही.

वसतिगृहात पोहोचून ट्रंक उघडली तेव्हा तळाशी बाबांची तपकिरीची जुनी डबी होती आणि तिच्यात रुमालात गुंडाळलेला तो दात होता. तू तो मला भेट म्हणून दिलास, की आता हाक मारायची नाही म्हणून परत केलास, हे मला तेव्हाही कळले नाही. मी तो कधी ओठांना लावला नाही. किळस कधीच संपली होती. हाक मारून कोणी आलेच नाही तर, ही भीती होती.

आता किल्लीची गोष्ट. दात मी नियमाप्रमाणे बाहेरून ब्लीचने धुतला, खरवडला, मुळाकडून चिमूटभर भुकटी काढली. निकाल आला तेव्हा मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. मावशीची ओळ कात्रीची नव्हती, करवतीचीही नव्हती. ती तिसरीच होती. आज जिवंत असलेल्या एकाही डॉल्फिनमध्ये आम्हाला न सापडलेली. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत एक जास्तीची वाट होती आणि ती तिच्यापाशी थांबली. पण त्याच निकालात खाली आणखी एक ओळ होती. माणसाची. यादीशी ताडून पाहिली तर ती क्रमांक सातशी अक्षरन् अक्षर जुळली.

मॅडम रागावत नाहीत, त्यांचा आवाज खाली जातो. त्या म्हणाल्या, "तोंड न बांधता काम केलंस का?" मी नाही म्हटले. "मग हा कोण आहे दातात? तुझा आत्मा?" त्या महिन्यात स्वच्छ खोलीत मी एकटीच काम करत होते. माझ्या हातून भेसळ झाली असेल, तर फक्त दातच नाही, चौदाचे चौदा नमुने संशयात जातात, तिसरी ओळ जाते, चार वर्षांचे काम जाते, आणि या तळघरातली माझी जागाही जाते. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली दिली. काका नळाखाली बाटल्या धूत होते. त्यांनी नळ बंद केला, आणि त्या शांततेत मला शिट्टी ऐकू आली. खरी नव्हे. पण दोन आखूड, एक लांब.

ताई, ती ओळ माझी नव्हती. म्हणजे माझी होती, पण माझ्यातून आलेली नव्हती. आईने ती आपल्या दोघींना सारखीच दिली आहे, एका अक्षराचाही फरक न करता. तू सात वर्षे त्या पोकळीवर ओठ टेकवलेस. ब्लीचला जिथे पोहोचता येत नाही तिथे तू शिल्लक होतीस. त्या दिवशी मी कागदावर छापलेली ती अक्षरे पुन्हा पाहिली. आईचे मला काहीच आठवत नाही असे मी आयुष्यभर म्हणत आले, आणि ती दारामागच्या यादीत, सातव्या क्रमांकावर, टांगलेली होती. आणि तू मला इतक्या वर्षांनी भेटलीस ती दातात अडकलेली. तू असतीस तर यावर काहीतरी वात्रट बोलली असतीस.

मी मॅडमना सांगितले, हा दात माझ्या बहिणीने शिट्टी म्हणून वापरला होता. त्यांनी निकालाचा कागद खाली ठेवला. म्हणाल्या, "कुठली बहीण? आठ वर्षांत तू बहिणीचं नाव काढलं नाहीस." मग म्हणाल्या, "चूक झाल्यावर अशा शिट्ट्या सगळ्यांनाच आठवतात. कुठे लिहून ठेवलंय का?"

लिहून ठेवलेले होते. कुठे, हे आपल्या दोघींना माहीत आहे. तुझ्या डॉल्फिनच्या नोंदींच्या वहीत, मावशी गेली त्या तारखेखाली. "मावशी गेली. बंधाऱ्याच्या उत्तरेला. एक दात घेतला. धाकटी फार रडली. दाताची शिट्टी वाजवून दाखवली तेव्हा हसली." माझी निर्दोषता सिद्ध करणारा जगातला एकमेव पुरावा म्हणजे ते पान, आणि ते पान उघडले की ज्या वहीवर माझे नाव आहे ती मी लिहिलेली नाही, हे उघड होणार. धाकटी रडली, असे धाकटी कशाला लिहील? मॅडमनी ते पान कधी वाचले नव्हते, कारण मी त्यांना वहीची स्वच्छ प्रत करून दिली होती. तारखा, वेळा, परांवरच्या खुणा, सगळे सुंदर अक्षरात. जिथे जिथे 'धाकटी' होती, ते ते वाक्य मी गाळले होते. अशी एकूण एकशे नव्वद वाक्ये होती. आज शाळेला नको म्हणाली. आज पाढे म्हणत म्हणत झोपली. आज बोर्डात पहिली आली, करवतीने पण उडी मारली. ताई, मी त्या वहीतून डॉल्फिन ठेवले आणि मला काढून टाकले, म्हणजेच तुलाही.

मॅडम डॉल्फिनच्या शोधात पहिल्यांदा घरी आल्या त्या दुपारी तू जाळी विणायच्या शेडमध्ये होतीस. त्या पाणी प्यायला टेकल्या, फळीवरची वही चाळली आणि विचारले, ही कुणाची? बाबा कौतुकाने म्हणाले, "घरात लिहिणारी एकच आहे, बोर्डात पहिली आलेली." मी खोटे बोलले नाही. बोलावेच लागले नाही. मी लाजून खाली पाहिले, जसे नेहमी पाहत असे, आणि त्यांनी त्याचा अर्थ लावला. जाताना त्या म्हणाल्या, अशा नोंदी ठेवणारी विद्यार्थिनी मला प्रयोगशाळेत हवी; उद्या पुन्हा येते, वहीवर नाव घालून ठेव. वेष्टनावर नावाची ओळ कोरी होती. दहा वर्षे तू लिहीत होतीस, पण तिथे काही लिहावे असे तुला कधी वाटले नव्हते. संध्याकाळी मी दौतीत नीब बुडवून माझे नाव लिहिले. मी नव्हे, कोणीतरी माझा हात धरून ते लिहवून घेतले, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले आहे. ते खरे नाही. मी आधी पट्टीने रेघा आखून घेतल्या होत्या.

सकाळी तू ती वही उचललीस, पाहिलीस आणि जागेवर ठेवलीस. म्हणालीस, "अक्षर छान आलंय." मग माझी वेणी घालायला बसलीस. ती त्या दिवशी सैल पडली. बसस्थानकावर माझी ट्रंक तूच उचलून दिलीस, पोहोचल्यावर कळव म्हणालीस. मी कळवले. तीन पत्रे लिहिली. ती तिन्ही बाबांनी जपून ठेवली आहेत, कारण पहिले पोहोचण्यापूर्वीच तू निघून गेली होतीस. समुद्रापासून इतक्या दूर, जिथे तुला काहीच ओळखावे लागणार नाही. की मुद्दामच अशा ठिकाणी गेलीस, जिथे दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावे म्हणून काचा घासायच्या?

मी मूळ वही ट्रंकेतून काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली. आधी मावशीचे पान दाखवले, मग वेष्टन दाखवले, आणि तोंडाने सांगितले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत लांब बोलणे असेल. त्यांनी वही सावकाश, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. दोन तास लागले. मी उभीच होते. शेवटी चष्मा काढून त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी चाळताना मला यात 'धाकटी' दिसली होती. मी विचारलं नाही. मला हुशार विद्यार्थिनी हवी होती आणि ती समोर बसली होती. तुझ्या बहिणीला सांग, चोर दोन आहेत." किल्ली त्यांनी परत दिली नाही, आणि मी मागितली नाही.

आता हे पत्र का लिहिले, ते. सोबतच्या पुडक्यात दोन वस्तू आहेत. एक तुझी वही. तिच्यावरचे माझे नाव मी खोडलेले नाही, कारण खोडले तर ते जणू कधी नव्हतेच असे वाटेल. ते तुझ्यापुढे असू दे, तू हवे ते कर. दुसरी एक छोटी नळी, तिच्यात कापूस लावलेली काडी. आईची ओळ आपल्या दोघींत सारखीच असली, तरी बाकीचे सगळे सारखे नाही; दातात सापडलेला माणूस तू की मी, हे तुझा नमुना माझ्या शेजारी ठेवला तरच कळते. तुला वाटेल, हिला पुन्हा माझेच काहीतरी हवे आहे. खरे आहे. हवे आहे. पण तू काडी पाठवली नाहीस तर ते चौदाही नमुने मी बाद म्हणून लिहून देईन, मावशीची तिसरी ओळ आपल्या दोघींनाच ठाऊक राहील, आणि मी तुझ्याविषयी एक शब्दही वाईट मनात आणणार नाही. पाठवावीशी वाटली, तर अर्धा तास आधी काही खाऊ नकोस, काडी गालाच्या आत नीट फिरव आणि नळीत ठेवून बूच घट्ट लाव. बरोबर एक ओळही लिहू नकोस हवे तर. नुसती नळी आली तरी मी समजेन की दोन आखूड, एक लांब. चोरांच्या यादीत आठवा क्रमांक रिकामा आहे, माझ्या शेजारी. आणि नळीवरच्या चिठ्ठीत नावाची जागा आहे. या वेळी मी ती कोरी ठेवली आहे. तिथे तू लिही. अक्षर कसेही आले तरी चालेल.

तुझीच, जिला पानापानावर तू लिहिलेस ती,
धाकटी